मैना एक की दोन?

खोली भाड्यानं देताना घरमालक साधारण काय विचारतात? नोकरी कुठं, गाव कोणतं, घरी कोण कोण असतं. आमच्या घरमालकीणबाईंनी मला दारातच उभं ठेवलं आणि विचारलं, "पाखरांची पुस्तकं वाचतं का वं तू?"

मी म्हटलं, वाचते.

"मंग सांग. मैना एक का दोन?"

मी वर्ध्याहून आलेली. नागपूरच्या लकडगंजातल्या मुलींच्या शाळेत नुकतीच लागले होते. ट्रंक अजून खाली सायकलरिक्षात, रिक्षावाला घाईला आलेला, आणि ही बाई माझी परीक्षा घेतेय. पण खरं सांगते, प्रश्न ऐकून मला जो आनंद झाला तो नोकरीची ऑर्डर हातात पडल्यावरही झाला नव्हता. मी म्हटलं, "दोन. यात विचारायचं काय?" बाईंनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. भाडं किती आणि नळ कधी येतो, हे सगळं मागाहून ठरलं. माझ्या आधी एक बँकेतला कारकून खोली बघून गेला होता. तो बिचारा "एकच" म्हणाला. त्याला सांगण्यात आलं की खोलीला चुना मारायचा आहे, दिवाळीनंतर या.

मी त्यांना काकू म्हणायची. त्यांचं नाव मी इतक्यात लिहीत नाही, कारण सगळा लकडगंज त्यांना ज्या नावानं ओळखायचा ते त्यांचं नव्हतंच. ते कसं, हे ओघात येईल.

आधी पाखरांचं सांगते. सत्तर सालाच्या आसपास या रहस्यकथा दर महिन्याला निघत. पातळ, स्वस्त कागदाच्या, मुखपृष्ठावर पिस्तूल आणि बाई. एक गुप्त खातं, त्याचे सगळे हेर पाखरांच्या नावाचे: घार, पारवा, बगळा आणि आमची मैना. खरी नावं कोणालाच माहीत नाहीत. वरचा साहेब सगळ्यांना पाखरांच्या नावानंच हाक मारायचा. मैना डावखुरी होती आणि पाण्याला फार भ्यायची. एका पुस्तकात ती पुरात वाहून गेली. प्रेत सापडलं, साहेबानं टोपी काढली, पुस्तक संपलं. मी वर्ध्याला गच्चीवर बसून रडले होते. आणि पुढं दोन-तीन पुस्तकं झाली नाहीत तर साहेबाच्या खोलीचं दार उघडून मैना आत आली. उजव्या हातानं गोळी झाडली, नदी पोहून गेली, आणि साहेब काय म्हणाला? "ये मैना, बस." बास. तू कोण, कुठली, एका शब्दानं विचारलं नाही.

यावर आमच्याकडे तीन पक्ष पडले होते. रणभूमी म्हणजे भाऊंचं वाचनालय. एका गाळ्यात तीन कपाटं आणि बाहेर एक बाक. भाऊ स्वतः एकपक्षाचे. त्यांचं म्हणणं, मैना मेलीच नव्हती, ते प्रेत दुसऱ्याच कुणाचं, शत्रूला फसवायला ठेवलेलं. दवाखान्यातले कंपाउंडर विसरपक्षाचे. ते म्हणायचे, कशाला डोकं शिणवता, लेखक विसरला. आणि दोनपक्ष म्हणजे काकू. मी आल्यावर आम्ही दोघी झालो.

काकूंचा आवाज म्हणजे विचारू नका. घराच्या मागंच त्यांची आरामशीन, दिवसभर लाकूड चिरण्याचा घरघराट. त्यावरून बोलून बोलून आवाज असा चढलेला की मशीन बंद असली तरी तो उतरायचा नाही. वाचनालयाच्या बाकावर बसून त्या "भाऊ, तुम्ही चुकून राहिले" म्हणाल्या की समोरचा किराणावाला वजन करता करता थांबायचा.

"मेलेली नव्हती म्हणता," काकू सुरू करायच्या, "मंग हात काहून बदलला?"

"सराव केला असेल उजव्या हाताचा."

"आन् पोहणं?"

"शिकली असेल. पुरातून वाचली म्हटल्यावर माणूस शिकतोच."

"अन् कुंकू? आधीची आडवं लावे, ही गोल लावते. थे बी शिकली काय?"

भाऊ चष्मा पुसायला लागायचे. तेवढ्यात कंपाउंडर मधे तोंड घालायचे, "वहिनी, अहो लेखक विसरला." आणि मग काकूंचा खरा भडका उडायचा. भाऊंशी त्या भांडायच्या ते प्रेमानं. विसरपक्षाचा मात्र त्यांना मनापासून राग होता. "विसरला म्हणजे? जिती बाई मेली, टोपी काढली, लाकडं रचली, आन् विसरला? असं विसरते काय कोणी?" कंपाउंडर त्यानंतर दोन दिवस त्या गल्लीतून यायचे नाहीत.

काकू पुस्तक आरामशीनीच्या अंगणात, सागाच्या ओंडक्यावर बसून वाचायच्या. त्यामुळे त्यांनी परत केलेल्या प्रत्येक पुस्तकातून लाकडाचा भुसा पडायचा. भाऊ कुरकुरत. काकू म्हणत, "भुसा पडला म्हणजे समजा, नीट वाचलं." पुस्तक हातात असलं की त्यांना दुसरं काही दिसायचं नाही. एकदा कोथिंबिरीच्या पुडाच्या वड्या तळता तळता शेवटचं प्रकरण चालू होतं, तेव्हा वड्या कोळसा झाल्या. मालकांनी त्या मुकाट्यानं खाल्ल्या.

मालक म्हणजे काकूंचे यजमान. गल्लीत सगळे त्यांना मालकच म्हणत. साठीला टेकलेले, तोंडातून शब्द निघाला तर लाकडाच्या मापाचा. काकूंना ते कशानंही हाक मारत नसत. अंगणातून खोकायचे, की काकू चहा टाकायच्या. दोनदा खोकले की पाहुणा आहे, साखर जास्त. मी हसायची. त्या काळी नवरे बायकोला नावानं हाक मारत नसतच म्हणा, पण निदान "अवं" तरी म्हणत. इथं खोकल्यावर संसार.

गल्लीतल्या प्रत्येकाला काकूंनी पाखराचं नाव दिलेलं होतं. मी चिमणी, भाऊ घुबड, कंपाउंडर कावळा. "चिमणे, खाली ये, चहा झाला" अशी हाक आली की अख्ख्या लकडगंजाला कळायचं, मास्तरीणबाईंचा चहा झाला. पण यात त्यांचा एक कडक नियम होता. एकाचं नाव दुसऱ्याला नाही. मी एकदा सहज म्हटलं, मी सोडून गेले की पुढची भाडेकरू चिमणी होईल. काकू हातातलं सूप खाली ठेवून म्हणाल्या, "नाही होणार. चिमणी तू. थे जे येईन, तिले तिचं देईन मी. एवढी पाखरं हाय दुनियेत."

या नियमापायी त्यांनी शेजारच्यांशीसुद्धा भांडण काढलं. शेजाऱ्यांचा मोती कुत्रा गेला. नवं पिल्लू आणलं आणि त्याचं नावही मोतीच ठेवलं. यात कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं, नागपुरातला दर दुसरा कुत्रा मोतीच. पण काकू कुंपणाशी उभ्या. "अवं बाई, तो मोती गेला नं? मंग हा मोती कसा? यानं काय गुन्हा केला?" शेजारीणबाई म्हणाली, "पोरांच्या तोंडात तेच नाव बसलं आहे." काकू म्हणाल्या, "पोरांच्या तोंडाची सोय पाहून राहिली तू. पिल्लाचं काय?" पुढं त्या पिल्लाला काकू एकट्याच 'भुऱ्या' म्हणायच्या, आणि ते नेमकं त्यांच्याच हाकेला पळत यायचं. त्याला भाकरीचा शेवटचा तुकडा द्यायची काकूंना सवय होती, हेही खरं.

मला वाटायचं, बाई थोडी चक्रम आहे, झालं. कारण कळलं ते एका उन्हाळ्यात. लाईट गेली होती, मशीन बंद, सगळीकडे सामसूम. काकू पडवीत चिंच लावून पितळी भांडी घासत होत्या आणि मी भट्टीसारख्या तापलेल्या खोलीतून पळून त्यांच्यापाशी येऊन बसले होते. पाणी भरायचा एक मोठा गुंड पालथा घालून त्या म्हणाल्या, "वाच."

काठावर नाव कोरलेलं होतं. सौ. सुशीला, पुढं मालकांचं नाव. मी म्हटलं, "तुमचंच तर आहे."

"माह्यं नाही. पहिलीचं हाय."

मालकांची पहिली बायको तापानं गेली होती. वर्षाच्या आत काकू लग्न होऊन आल्या. आपल्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात, ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवं नाव लिहितात. काकूंना वाटलं होतं काहीतरी छान ठेवतील, आणि मनात धाकधूकही होती. ताट पुढं आलं. तांदळात सुशीला लिहिलेलं.

"सासूबाई म्हणाल्या, सारे भांडे त्या नावाचे हाय. बाई बदलली म्हणून भांडे काय बदलाचे? कोरणाऱ्याले पुन्हा कोण बोलावते. लोकायच्या बी तोंडात हायच." काकू गुंडावर चिंच घासत राहिल्या. "मले वाचता येत होतं, तेच वाईट झालं. नसतं येत तं काही दिवस तरी सुखाचे गेले असते."

मला भयंकर संताप आला. मी म्हटलं, "आणि मालक? ते काही बोलले नाहीत?"

"त्यायनं काय बोलाचं. त्यायच्या आईनं ठेवलं." मग म्हणाल्या, "तिच्यावर राग नाही हो माह्या. अविधवा नवमीले मी सवाष्ण जेवाले घालतो तिच्या नावानं. पुरण करतो. पण ताटावर पाणी सोडताना मले वाटते, सुशीला म्हटलं तं वर ते ओ देईन, का इथं मी? तिचं बी नाव गेलं नं. मी वापरून राहिली."

"मग तुमचं खरं नाव काय, काकू?"

"तू नको इचारू, चिमणे. तू चांगली हाय म्हणून इचारून राहिली. ज्यायनं इचाराचं त्यायनं इचारलं नाही इतक्या वर्षांत. त्यायनं इचारलं तं सांगीन."

त्या दिवसानंतर वाचनालयातल्या बाकावर मी काकूंच्या बाजूनं भांडायची ती जीव तोडून. हेडबाईंनी मला एकदा टोकलंसुद्धा, की शिक्षिकेनं असं चव्हाट्यावर ओरडू नये. मी म्हटलं, विषयच तसा आहे.

आणि मग ती बातमी आली. पाखरांच्या लेखकाची सासुरवाडी नागपूरची निघाली. तो धाकट्या मेव्हण्याच्या लग्नाला येणार होता आणि भाऊंनी कुठून कुठून वशिला लावून त्याला वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमाला कबूल करून घेतलं होतं. रविवारी दुपारी, आमच्या शाळेच्या हॉलमध्ये. काय सांगू, गल्लीत नुसता उत्सव. भाऊ येईल त्याला अडवून सांगत होते. कंपाउंडर नवा शर्ट शिवायला टाकून आले.

भाऊ काकूंना म्हणाले, "वहिनी, आता लेखकाच्या तोंडूनच ऐकू. तो म्हणेल ते शेवटचं. मग वाद बंद."

"बंद," काकू म्हणाल्या.

आठवडाभर त्यांना झोप नव्हती. कोणतं लुगडं नेसू, आधी पुराचं बोलू की आधी हाताचं, असं चाललेलं. रविवारी सकाळी मी त्यांची वेणी घालून देत होते, तेव्हा एकदम म्हणाल्या, "चिमणे, त्यानं एकच म्हटलं तं?"

मी म्हटलं, "तर तो चुकला."

"तसं नाही वं. पुस्तक त्याचं हाय. त्यानंच म्हटलं का बाई एकच, मधे कोणी मेलं नाही आन् नवीन कोणी आलं नाही, तं मंग मी कोणाच्या भरोशावर बोलू?" केस माझ्या हातात होते म्हणून त्यांचं तोंड मला दिसलं नाही. मी वेणी जरा घट्टच घातली.

दुपारी एक नवल झालं. मालकांनी मशीन बंद केली, धुतलेला शर्ट घातला आणि रिक्षाशी येऊन उभे राहिले. कुणी बोलावलं नव्हतं. खोकलेही नाहीत. काकू चढून बसल्या, ते शेजारी बसले.

लेखक म्हणजे करारी, मिशाळ गृहस्थ असेल अशी आमची कल्पना. निघाला बारीक चणीचा, सर्दीनं बेजार झालेला माणूस, नाकाला सारखा रुमाल. हॉल खचाखच. हार झाले, भाऊंचं प्रास्ताविक झालं आणि त्यात त्यांनी 'आपली लाडकी एकमेव मैना' असा शब्द मुद्दाम घातला. त्याबरोबर काकू बायकांच्या रांगेतून उठल्या.

"साहेब, मले इचाराचं हाय. दुसऱ्या मैनेचं खरं नाव काय?"

लेखकानं रुमाल खाली घेतला. "दुसरी? मैना एकच आहे ना?"

भाऊंचा चेहरा फुलला. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. काकूंनी मात्र पूर काढला, प्रेत काढलं, साहेबाची टोपी, डावा हात, उजवा हात, आडवं कुंकू, गोल कुंकू, नदी, सगळं पुस्तकांच्या नावानिशी एका दमात मांडलं. हॉलमध्ये लोक माना डोलवायला लागले. लेखक ऐकत होता आणि हळूहळू लाल होत होता.

शेवटी तो म्हणाला, "बाई, खरं सांगू? मी विसरलो होतो. दर महिन्याला एक पुस्तक द्यायचं असतं. तिला मारलं हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. छापून आल्यावर घरच्यांनी सांगितलं. मग आता काय बोलायचं म्हणून गप्प बसलो."

कंपाउंडरांनी जोरात टाळी वाजवली. दुसरी कुणाचीच वाजली नाही, तेव्हा त्यांनी हात मांडीखाली घेतले.

काकू बसल्या नाहीत. मी त्यांना इतक्या दिवसांत पहिल्यांदा हळू बोलताना ऐकलं, आणि तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"विसरले तं विसरले. माणूस हाय तुम्ही. पण मंग जे आली ते कोण होती? नदी पोहली, बगळ्याले सोडवून आणलं, खांद्यात गोळी खाल्ली. हे मेलेल्या बाईनं तं केलं नाही. तुम्ही तिले दुसरीच्या नावानं हाक मारली आन् तिनं ओ देल्ली. दरवेळी देल्ली. साहेबाचं काम थांबू देलं नाही. तिच्या मायबापानं तिले काही नाव ठेवलं असनच नं?"

लेखकानं रुमालाची घडी केली. मग म्हणाला, "ठेवलं असणार. तुमचं बरोबर आहे. हात विसरलो मी, पण लिहिताना ती वेगळीच यायची. पहिलीपेक्षा धीट. मी तिला थांबवू शकायचो नाही. मैना दोनच आहेत."

हॉल दणाणला. मी तर उभी राहून टाळ्या वाजवल्या, हेडबाई समोर असताना. भाऊ चष्मा काढून बसले होते.

"आन् नाव?" काकूंनी विचारलं.

"ते मलाही माहीत नाही. मी कधी तिला विचारलंच नाही."

मग सह्यांसाठी झुंबड उडाली. काकूंचा नंबर लागला तेव्हा मी त्यांच्या मागंच होते. मालकही रांगेत आले होते, चपला हातात घेऊन. काकूंनी पुस्तक टेबलावर ठेवलं, त्यातून भुसा सांडला. लेखक हसला. इतक्या मोठ्या भांडणानंतर त्याला या बाईबद्दल आदर वाटत होता, ते दिसत होतं.

"आपल्या नावानंच लिहितो," तो म्हणाला. "नाव काय आपलं?"

आणि काकू म्हणाल्या, "सुशीला."

इतक्या वर्षांची जिभेची सवय. त्यांना स्वतःलाही शब्द बाहेर पडल्यावर ऐकू आला. त्यांचा हात तोंडाशी गेला. लेखकानं 'सौ.' लिहून पुढचं अक्षर काढायला घेतलंसुद्धा.

"थांबा," मालक म्हणाले.

मी वळून पाहिलं. ते माझ्या बाजूनं पुढं आले आणि टेबलाला हात टेकून उभे राहिले. "ते पहिलीचं हाय. ते वारली. हिचं नाव वेणू हाय."

काकू त्यांच्याकडे वळल्या. "याद हाय तुमाले?"

"हो."

"कसं काय?"

"तुह्या घरी पाहाले आलो होतो नं," मालक म्हणाले. "मीच इचारलं होतं. तू खाली पाहून सांगतलं होतं."

"मंग नंतर कधी म्हटलं काहून नाही?"

मालकांनी एका हातातल्या चपला दुसऱ्या हातात घेतल्या. मग म्हणाले, "चुकलं, वेणू."

मागं रांग खोळंबली होती. कुणीतरी चला चला म्हणत होतं. भाऊंनी त्याला गप्प केलं. काकूंनी डोळ्याला पदर लावला, तो पुन्हा कमरेला खोचला आणि लेखकाकडे वळल्या.

"खोडा ते. दुसरं लिहा."

त्यानं खोडलं आणि खाली नव्यानं लिहिलं.

"वाचून दाखवा."

"वेणूताईंना, सप्रेम भेट," लेखकानं वाचलं. सर्दीनं त्याचा आवाज पार बसलेला होता.

"मोठ्यानं वाचा," वेणूकाकू म्हणाल्या. "मागच्यायले ऐकू गेलं नाही."

लेखकानं रुमाल टेबलावर ठेवला आणि उभं राहून पुन्हा वाचलं.